ना बाटली, ना सुई, ना गोळी

सोनई, १८ ऑगस्ट २०२५

धनश्री,

जयभीम तरी घे. बाकी माझ्याकडून काही घ्यायचं नाही असं तू ठरवलंयस. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ताटातली भाकरी तशीच ठेवून तू श्रीरामपूरची गाडी धरलीस, तेव्हाच ते मला कळलं. का, ते मात्र अजून कळलेलं नाही.

आज दुपारी कल्याणरावांचा फोन आला. जावई रडतोय की हसतोय, आधी समजेना. म्हणाले, "मामी, धनश्रीला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. आणि हे कळल्यापासून तिने गोळी बंद केलीय. उलट्या होतायत, अंग थरथरतंय. व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलंय. तिथेही गोळी तोंडात घेत नाही. म्हणते, मी विहारात शब्द दिलाय."

मी म्हणाले, "मग रडता कशाला? माझी पोरगी शब्दाला जागली."

त्यांनी फोन ठेवून दिला. सासूचा फोन असा मध्येच ठेवणारा माणूस तो नाही, म्हणून दुपारपासून मी विचार करते आहे.

धनश्री, मला आनंद झाला, तो मी लपवणार नाही. पाठीच्या दुखण्यापायी तू स्वतःच्या हाताने स्वतःला वेदनाशामकाच्या सुया टोचून घेत होतीस, नर्सचा पांढरा कोट घालून, आणि आम्हाला वर्षभर पत्ता नव्हता. मग सुई सुटली आणि ही जिभेखाली ठेवायची गोळी आली. डॉक्टर म्हणाले, हा उपचार आहे. मी म्हणाले, लोखंडाची साखळी काढून चांदीची घालण्याला मी मुक्ती म्हणत नाही. हे मी तुझ्या तोंडावर बोलले, आणि आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, त्या दिवशी विहारातही बोलले. पंचशील झाल्यावर तुला उभं केलं. पांढऱ्या साडीत तू उभी राहिलीस आणि माझ्यामागून म्हणालीस, ना बाटली, ना सुई, ना गोळी. केवढ्या टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडत होत्या. आई म्हणून, वक्ता म्हणून, मला आणखी काय हवं होतं?

एक गोष्ट मात्र समजत नाही. तुझी पाळी तर सुया सुरू झाल्यापासून बंद होती. तूच मला सांगितलं होतंस, आणि मी म्हणाले होते, पाळीच नाही तर पोर कुठून, आधी बरी हो. मग हे कसं झालं? तू नर्स. तुलाही कळलं नाही?

केंद्रात फोन देत नाहीत, पत्र देतात असं कळलं. म्हणून लिहिते आहे. थरथर थांबेल. निग्रह ठेव.

आई

सोनई, २४ ऑगस्ट २०२५

धनश्री,

काल येऊन गेले. तुला ठाऊकच आहे, कारण भेटायचं नाही हा निरोप तूच वरून पाठवलास. निरोप घेऊन आलेल्या मोनिका, तुमच्या समुपदेशक, तुझ्याच वयाच्या दिसतात. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर वर्गात चला, बाई. शनिवारी पाळीचा आणि पोटाचा वर्ग असतो, भरती असलेल्या बायकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा."

मी म्हणाले, "चालेल. दहा मिनिटं बोलेन."

"बोलायचं नाहीये. बसायचंय."

बसले. सतरंजीवर, बायकांमध्ये. मोनिकाने जुन्या लाल परकराची शिवलेली एक पिशवी काढली, आत कापूस, दोन्ही बाजूंना लोकरीच्या नळ्या. ही गर्भपिशवी, म्हणाल्या, आणि हातोहात फिरवायला दिली. माझ्या शेजारी लंकाबाई होती. पाथर्डीकडची, ऊसतोडीची; तोडीत अंग ठणकतं म्हणून घोट घोट करत दारूत बुडालेली. तिने पिशवी तळहातावर तोलून पाहिली.

"येवढीशीच व्हय? आन मुकादम म्हनतोय काढून टाक, हिच्यापायी खाडे पडत्यात."

"काढू नका, मावशी," मोनिका म्हणाल्या. "ती काय मुकादमाच्या मालकीची आहे?"

बायका हसल्या. मीही हसले. मग जरा चिडले. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

मग त्या म्हणाल्या, "दारू असो, सुई असो, गोळ्या असोत, नशेच्या दिवसांत पाळी मागेपुढे होते. कधी महिनोन्‌महिने थांबते. आता सांगा, पाळी नाही म्हणजे दिवस राहायची भीती नाही, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर."

सगळे हात वर गेले. लंकाबाईने तर दोन्ही केले. म्हणाली, "मला दोन वरीस पाळी न्हवती. म्हनलं सुटले एकदाची. आन तोडीला कोपीत ऱ्हात असतानी पोट दिसाया लागलं. नवरा म्हनतोय कुनाचं? म्या म्हनलं, तुजंच हाय की मुडद्या, दुसऱ्या कुनाला टाइम हाय हितं?"

माझा हात कुठे होता हे लिहू नये असं वाटतंय. अर्धा वर होता. पूर्ण वर करायची लाज वाटली, आणि खाली ठेवणं खोटं झालं असतं.

मोनिकाने सांगितलं, ते तुला माहीत असेल: बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. म्हणून पाळी परत दिसायच्या आधीच गर्भ राहू शकतो. नशा सुटून अंग सावरू लागलं की हे अधिकच होतं. मूल नको असेल तर पाळीची वाट पाहत बसायचं नाही, साधन पहिल्या दिवसापासून वापरायचं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं, रक्त तपासून घ्यायचं, कावीळ, एचआयव्ही, सगळं. आणि नशेत असलेल्या बाईच्या होकाराला होकार समजायचं नाही. या शेवटच्या वाक्याला दोन नवरे उठून बाहेर गेले.

इतकी भाषणं केली मी, संसार मोडतो, पगार जातो, पोरं उघडी पडतात. पिणाऱ्या बाईच्या पोटाबद्दल मी एकदाही बोललेले नाही. का नाही? बाई पिते हेच मला मान्य नव्हतं का?

वर्ग संपल्यावर डॉक्टरीण बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, धनश्रीच्या परवानगीनेच बोलते आहे. गर्भ असताना ही गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं. अंगाला झटका बसतो, त्यात गर्भ जाऊ शकतो. तळमळ सोसवली नाही की बाई पुन्हा सुईकडे वळते, आणि मग दोघंही जाऊ शकतात. गोळी ठरलेल्या मापाने, देखरेखीखाली चालू ठेवली तर बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात.

मी विचारलं, "म्हणजे पोटातल्या जिवाला नशा पाजायची?"

त्या म्हणाल्या, "तिला त्या गोळीने नशा चढत नाही. तिचं अंग जागेवर राहतं, एवढंच होतं. हे तिला माहीत आहे, ती नर्स आहे. ती अडलीय तुमच्या वाक्यावर. एक ओळ लिहून पाठवा. गोळी घे."

मी म्हणाले, विचार करते. त्या म्हणाल्या, "लवकर करा."

ती ओळ या पत्रात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मला सुचेना.

आई

सोनई, २६ ऑगस्ट २०२५

धनश्री,

परवाचं पत्र टाकून घरी आले तर अण्णा पडवीत बसले होते. विचारलं, "काय लिवलंस?"

"सगळं लिहिलं. वर्गाचं, डॉक्टरणीचं."

"गोळी घे, आसं लिवलंस?"

"अजून नाही."

"मंग कशानं पानं भरली?"

तुझा बाप कारखान्यात फिटर होता, इतकी वर्षं माझ्या सभांना सायकलवरून यायचा, मागे उभा राहायचा आणि घरी आल्यावर एक शब्द बोलायचा नाही. आता बोलतोय तर असं.

माझी बाजू ऐक. दारूबंदीच्या, आडव्या बाटलीच्या मतदानासाठी मी नेवासा तालुका पायाखाली घातला. प्रत्येक गावात, प्रत्येक गुत्त्यासमोर एक वाक्य ऐकलं: औषध म्हणून घोटभर घेतो, बाई. झोपेसाठी औषध, थंडीसाठी औषध, कंबरेसाठी औषध. त्या औषधाने मेलेली माणसं मी पोचवली आहेत. मग औषध हा शब्द कानावर पडला की माझे कान टवकारतात, यात माझं काय चुकलं? आणि डॉक्टरच म्हणू लागला औषध, तर मी कशावरून ओळखायचं, हे खरं आणि ते खोटं?

दुसरीकडे, भिक्खूला चार गोष्टींचा अधिकार आहे: चीवर, अन्न, निवारा आणि औषध. हे मी कितीदा बोटांवर मोजून सांगितलंय. पाचव्या शिलात बेसावध करणारं पेय आणि पदार्थ वर्ज्य आहेत. सावध ठेवणारं औषध त्यात कुठे येतं? येत नाही. मग त्या वाक्यात गोळी मी आणली कुठून?

काल कपडे वाळत घालताना ते उमगलं, आणि तेव्हापासून धड जेवण नाही. ना बाटली, ना सुई, एवढ्यावर वाक्य थांबत नव्हतं. लंगडत होतं. तिसरा शब्द हवा होता. तो पडला आणि वाक्य उभं राहिलं, सभा उभी राहिली. बस, एवढंच होतं ते. आणि त्या तोलावर तू तुझं लेकरू पणाला लावून बसली आहेस.

म्हणून लिहिते. गोळी घे.

लिहिलं, आणि लगेच भीती वाटली. त्या गोळीने बाळाला काही झालं तर? न घेतल्याने झालं तर? मला दोन्ही नीट समजत नाही. स्वतःला न समजलेलं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे. घे.

आई

सोनई, ८ सप्टेंबर २०२५

धनश्री,

तुझं उत्तर नाही. मोनिकांना फोन केला, त्या म्हणतात, तब्येतीचं तीच कळवेल. मी वाट पाहिली. मग मला वाटलं, माझी ओळ पुरणार नाही. शब्द विहारात दिला गेला, तो विहारातच सोडवायला हवा. चार भिंतींतल्या कागदाने नव्हे.

काल भाद्रपद पौर्णिमा होती. ग्रंथवाचन झाल्यावर मी उभी राहिले. म्हणाले, मागे मी माझ्या मुलीकडून एक शब्द घेतला, तो चुकीचा होता. तिला दिवस आहेत, तिला उपचाराची गोळी लागते, आणि तिने ती घेतलीच पाहिजे. औषध आणि व्यसन एक नव्हे. मी तो शब्द परत घेते.

टाळ्या पडल्या नाहीत. नकोच होत्या. मग अंगद उठला, सोसायटीसमोर राहणारा. त्याचा थोरला रोज पितो.

"बाई, मंजी आमच्या पोराला रोज एक क्वार्टर मोजून दिली, आपल्या नजरंसमोर, तर चालंल का? हळूहळू सुटंल."

मी म्हणाले, "ते वेगळं."

"कसं येगळं?"

मला सांगता येईना. खरंच येईना, धनश्री. मी म्हणाले, डॉक्टरला विचारा. तो म्हणाला, "आषाढी पुनवेला तुमीच म्हनला, डाक्टरच्या नादी लागू नका, मनगटात जोर पायजे. आता कंचं धरायचं?" एका बाईने शेजारणीला विचारलं, माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात, "मंजी त्यांची पोरगी आजून करतीच?" मग खीर वाटली आणि लोक गेले.

मी लोकांना सुधारायला गेले आणि त्यांना जे ठाम माहीत होतं तेही हलवून आले. हे बरोबर झालं की चूक? अण्णांना विचारलं तर म्हणाले, "पोरीला इचारून बोललीस का?"

असो. तू मोकळी आहेस. सगळ्यांसमोर मोकळी केली.

आई

श्रीरामपूर, १४ सप्टेंबर २०२५

आई,

जयभीम. तुझी सगळी पत्रं मिळाली. मोनिका देते, मी वाचते, लंकाबाईला वाचून दाखवते. तिला तुझी भाषा आवडते. म्हणते, तुजी आय मोर्चाला न्हेल्यासारखं लिवती.

गोळी मी तू येऊन गेलीस त्याच संध्याकाळी घेतली. तुझ्या ओळीसाठी थांबले नव्हते. वर्गातून लंकाबाई वर आली आणि सांगू लागली, "तुजी आय बसली हुती माज्याजवळ. हात धड वर न्हाई, धड खाली न्हाई. तिला बी ठावं न्हाई गं." तुला एखादी गोष्ट माहीत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बराच वेळ हसले. मग खाली जाऊन डॉक्टरांना म्हणाले, द्या. थरथर दुसऱ्या दिवशी उतरली. बाळाचे ठोके दोनदा ऐकले, चांगले आहेत.

पाळीचं विचारलंस. हो, मी नर्स आहे आणि मला कळलं नाही. दुसऱ्याच्या पोटाचं कळतं, स्वतःच्या पोटाकडे मी बघतच नव्हते.

आता दुसरं. तू पुन्हा विहारात उभी राहिलीस. माझं पोट, माझी गोळी, पुन्हा सगळ्या गावासमोर. पहिल्यांदा मला उभं केलंस, या वेळी मी नव्हते तरी केलंस. मला विचारलं होतंस? अण्णांना जे सुचलं ते तुला का सुचत नाही? महिनाभर मी संडासात जाऊन गोळी घेत होते, आई, कल्याणपासूनही लपवून, सुया घ्यायचे तशी. औषध चोरून घेतलं की ते औषधासारखं वाटत नाही. मी घर सोडून का गेले, हे तू पहिल्या पत्रात विचारलंस. आता कळलं असेल तर बरं. नसेल तर राहू दे.

अंगदमामांना सांग, दारू मोजून देणं हा उपचार नाही. पण रोजची दारू एकदम तोडायलाही डॉक्टर लागतो, झटके येऊ शकतात. मुलाला घेऊन इथे ये म्हणावं. एवढंच सांग. पुढे बोलू नकोस.

ग्रहणाच्या दिवशी लंकाबाईने मला विळीला हात लावू दिला नाही. वाद घालायला मी तोंड उघडलं होतं, तुझीच मुलगी. मग भाजी तिलाच चिरू दिली.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीच्या शेवटी बाळ येईल. डॉक्टर म्हणतात, जन्मल्यावर माझ्यातून जाणारी गोळी तुटली की काही दिवस ते थरथरेल, किरकिर करेल, दूध ओढायला कुरकुरेल. कदाचित यातलं काही होणारही नाही. झालंच तर उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे उजेड कमी असलेल्या खोलीत त्याला उघड्या छातीशी धरून बसायचं. टीव्ही नाही, येणं-जाणं नाही, बोलणं नाही. आवाजाने त्याला त्रास होतो. तासन्‌तास बसावं लागेल. मी दमेन, कल्याण दमेल, तिसरं माणूस लागेल. मी सासूबाईंचं नाव देणार होते. मोनिका म्हणाली, आईला एकदा विचार.

म्हणून विचारते. तुला गप्प बसता येईल का? नीट विचार करून सांग. मला समजावून सांगू नकोस.

धनश्री

सोनई, १९ सप्टेंबर २०२५

धनश्री,

हो, असं लिहून पाकीट बंद केलं होतं. मग फोडलं, कारण ते मला खरं वाटेना. नाही असं लिहिलं, तेही खरं वाटेना.

काल संध्याकाळी करून पाहिलं. अण्णा शेंगा फोडत होते, त्यांच्यासमोर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिलं. "डोस्कं दुखतंय का?" मी मान हलवली. "मंग कुनाशी भांडलीस?" मी पुन्हा मान हलवली. ते हातातली शेंग ठेवून उठले आणि शेजारच्या सीमाला बोलावून आणलं, बाईला काहीतरी झालंय म्हणून. मग बोलावंच लागलं.

मला काय वाटतं, हे मला बोलल्यावर कळतं. न बोलता मी छातीशी काय धरून बसेन, आणि त्या लेकराला माझ्याकडून काय मिळेल, मला माहीत नाही. तुला लहानपणी मी मांडीवर घेऊन भाषणांची तयारी करायचे. तू झोपायचीस. ते चांगलं होतं की वाईट, तेही आता सांगता येत नाही.

अंगदला सांगितलं, तू लिहिलंस तेवढंच. तो मुलाला घेऊन येतोय. म्हणाला, "बाई, तुमी संगं येऊ नका."

शनिवारच्या वर्गाला येत जाईन. मोनिकांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. तू खाली आलीस तर मी तुझ्या शेजारी बसेनच असं नाही. तू म्हणशील तिथे बसेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माहीत नाही. तरी मला बोलाव. सासूबाईंनाही सांगून ठेव.

याच्यापुढे आणखी एक परिच्छेद होता. चांगला उतरला होता. खोडला आहे.

आई